बंद नाही, झोपवलंय

आमच्या सरांना 'बंद' हा शब्द सहन होत नसे. कुणी "सर, मशीन बंद करू का?" असं विचारलं की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणी अभद्र बोललं असावं तशा नजरेनं बघत. "बंद नाही करायचं. झोपवायचं," ते म्हणत. "बंद केलेल्या यंत्राला सगळं पहिल्यापासून आठवावं लागतं. झोपवलेलं यंत्र जिथं होतं तिथूनच उठतं."

वाक्य चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. सरांची बहुतेक वाक्यं अर्धी बरोबर असत, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते दुसऱ्यांनी बघायचं असे.

हिंजवडीजवळ माणमध्ये एका तीनमजली घराच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. तळमजल्यावर मालकांचं कुटुंब, वरच्या खोल्यांत आयटीतली पोरं भाड्यानं. ऑफिसात कायमचे असे तिघंच. सर, मी आणि रेश्मा. बाकीची माणसं यायची, सरांना थोडे दिवस सोसायची आणि जायची. पिरंगुटकडच्या कारखान्यांना आणि गोदामांना आम्ही छोटी सॉफ्टवेअरं करून द्यायचो. कुठली टाकी किती भरली, कुठलं शीतगृह किती तापलं हे यंत्रानं बघत राहायचं आणि काही बिघडलं तर मालकाला फोन लावायचा. म्हणजे आमचा धंदाच जागं राहण्याचा होता, आणि तो चालवणारा माणूस दिसेल त्याला झोपवत सुटलेला.

दिवसातून दोन-तीनदा सर केबिनमधून बाहेर येत आणि टेबलांमधून फेरी मारत. कुणी पाणी प्यायला उठलं असेल, कुणी फोनवर बोलायला जिन्यात गेलं असेल, तर त्याच्या लॅपटॉपचं झाकण ते दोन बोटांनी अलगद मिटवत. रागानं नव्हे, अगदी मायेनं. रिकाम्या खुर्चीसमोर उघडं मशीन म्हणजे ताटावरून उठलेल्या माणसाचं उष्टं ताट, असं त्यांचं म्हणणं. बडोद्याच्या एका आत्याकडून आपल्याला ही शिस्त लागली, असंही ते सांगत. त्या आत्यानं कॉम्प्युटर पाहिला होता की नाही, हे विचारायची सोय नव्हती.

आता त्या झाकणाखाली काय चाललेलं असे, ते सांगतो. एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात, नुसत्या प्रोग्रॅमच्या जोरावर, तीन-चार वेगळे कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला होस्ट. आतल्या प्रत्येकाला वाटत असतं की आपण स्वतंत्र आहोत, आपलं घड्याळ आपलं आहे. होस्टला झोपवलं की आतले सगळे जिथल्या तिथं थिजतात, आणि ते त्यांना कळतही नाही. होस्ट उठला की त्यांच्या लेखी मध्ये क्षणही गेलेला नसतो. घड्याळ मागचीच वेळ दाखवत राहतं, समोरच्यांशी चाललेलं बोलणं तुटलेलं असतं, आणि अर्धवट राहिलेलं काम कधी सावरतं, कधी नाही. आमच्या चाचण्या अशाच व्हर्च्युअल मशीनवर चालत. रेश्मा सकाळी चाचणी लावायची, दुपारी डबा धुवायला जायची, आणि परत येऊन मिटलेल्या झाकणाकडे बघत उभी राहायची.

एकदा ती थेट केबिनमध्ये गेली. मी कागद घ्यायच्या निमित्तानं दारातच होतो. रेश्मा माणचीच. तिच्या वडिलांनीही घरावर खोल्या चढवून भाड्यानं दिल्या होत्या, त्यामुळे तिनं दाखलाही घरचाच दिला.

"सर, घरमालकानं मेन स्विच पाडला तर वरच्या खोल्यांत काय होईल? भाडेकरूंनी भात लावलेला असतो, कुणी कामावर बसलेलं असतं. सगळ्यांचंच थांबतं. होस्टला झोपवलं की आतल्या मशीनचं तसंच होतं."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण स्विच परत वर केला की भात तिथूनच शिजायला लागतो ना?"

"तो भात कुणी खात नाही, सर."

"ते भाडेकरूंच्या आवडीनिवडीवर आहे," सर म्हणाले आणि पुढ्यातलं काम करू लागले. त्यांच्या लेखी वाद संपला होता.

दुपारी जेवणानंतर ते स्वतःही झोपत. खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, केबिनचं दार सताड उघडं टाकून. त्याचं मला काही नाही, दुपारची झोप कुणाला आवडत नाही? पण जेवणाआधी ते आपल्याशी बोलत असले तर झोपेनंतर येऊन तेच वाक्य पुढे चालू करत. "...आणि म्हणून मी त्याला नाही म्हणालो," असं म्हणत टेबलाशी उभे राहत. कोण, कशाला, काही संदर्भ नाही. मधल्या वेळात आपण दुसऱ्या कामात गुंतलो असू, एखादं गिऱ्हाईक समोर बसलं असेल, हे त्यांच्या गावीही नसे. जग आपल्यासाठी थांबलेलं असतं अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि आम्ही पगारी माणसं असल्यामुळे आमच्यापुरती ती खरीही होती.

त्यांच्या गाडीतून मी एकदाच पिरंगुटला गेलो. घाटाचा उतार लागला तसा त्यांनी इंजिन बंद केलं. म्हणजे आमच्या भाषेत बंद. त्यांच्या भाषेत गाडीला विश्रांती दिली. गाडी गडगडत निघाली, मागून ट्रक हॉर्न मारतोय, समोर एसटी. इंजिन नसल्यानं ब्रेक दगडासारखा झालेला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतंय. सर मात्र मला समजावून सांगत होते की उतारावर इंजिन चालू ठेवणं हा अज्ञानाचा प्रकार आहे. एका वळणावर आम्ही रस्ता सोडून खडीच्या ढिगात शिरलो, म्हणून थांबलो. खाली उतरून सरांनी बंपर पाहिला, खडी पाहिली, आणि म्हणाले, "हा ढीग इथं कुणी टाकला?" परत येताना मी बसनं आलो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. विक्षिप्त माणसं कुठल्या ऑफिसात नसतात? पण मग कमलताई आल्या.

कमलताई रेश्माची सख्खी आत्या. नेऱ्याच्या शिवेला त्यांची हॅचरी होती. गावरान कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवून पिल्लं विकायची. नवरा वारल्यावर त्यांनी ती स्वतः उभी केली होती. आसपासची बरीच जमीन बिल्डरांकडे गेली, तरी त्यांनी आपली पत्र्याची शेड आणि भोवतीचा तुकडा सोडला नव्हता. अंडी उबवणं म्हणजे एकवीस दिवस डोळ्यांत तेल घालून बसणं. ऊब जरा जास्त झाली की पिल्लू आतल्या आत मरतं. शेवटच्या दिवसांत तर फारच जपावं लागतं. कमलताई त्यासाठी मशीनशेजारी खाट टाकून झोपत. मशीनला एक जुनी घंटी होती, पारा चढला की ती खणखणायची.

रेश्मानंच त्यांना आमच्याकडे आणलं. आत्याला एक दिवस तरी शेडबाहेर पडता यावं, हा तिचा साधा हेतू.

सर हॅचरी बघायला गेले तेव्हा आम्हीही बरोबर होतो. खाट बघून ते हसले. "बाई, हे काय? पहारेकरी आहात का तुम्ही?"

"पहाराच हाय की, सायेब," कमलताई म्हणाल्या. "जीव हायेत आत."

"आता तुम्ही निवांत झोपा. आमचं यंत्र जागं राहील. ऊब वाढली की तुमचा फोन वाजेल, जिथं असाल तिथं."

"कुटंबी असली तरी?"

"कुठंही."

पुढे यंत्रणा बसवली त्या दिवशी सरांची नजर घंटीकडे गेली. ती त्यांनी काढायला लावली. नव्या व्यवस्थेत दोन आवाज नकोत, गिऱ्हाईक गोंधळतं, असं कारण दिलं. खरं कारण असं की कमलताईंसमोर चाचणी घेताना आमच्या फोनच्या आधी घंटी वाजली होती.

ती व्यवस्था ज्या कॉम्प्युटरवर चालायची तो सरांच्या केबिनमध्ये होता. एकच होस्ट, त्याच्या पोटात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकेक व्हर्च्युअल मशीन. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवू, असं रेश्मा आणि मी दोघंही म्हणालो होतो. सरांना जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर विश्वास नव्हता. ठीक आहे म्हटलं. पण मग या मशीनला झोपवायचं नाही, हे रेश्मानं त्यांना माझ्यासमोर बजावलं. "सर, आतलं आत्याचं मशीन थिजलं तर फोन लागणार नाही." सर म्हणाले, "मला शिकवू नकोस." हे त्यांचं 'हो' होतं, असं आम्ही समजलो.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. दोनदा कमलताईंचा फोन वाजला, दोन्ही वेळा त्यांनी धावत जाऊन मशीनचं दार किलकिलं केलं, पिल्लं वाचली. त्यांचा विश्वास बसला. कोळवणला त्यांच्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, रविवारी. किती वर्षांत दिवसभर कुठे गेल्या नव्हत्या. फोन वाजलाच तर पुतण्याला शेडकडे धाडता येईल, या भरवशावर नवी साडी नेसून गेल्या.

त्या रविवारी हॅचरीतल्या मशीनचा हीटर चालू झाला तो थांबलाच नाही. असं होतं कधीकधी, त्यात कुणाचा दोष नाही. तेवढ्यासाठीच तर फोन होता. फोन वाजला नाही. संध्याकाळी कमलताईंनी शेडचं दार उघडलं तर तव्यासारखी धग अंगावर आली.

त्यांनी रेश्माला कळवलं. रेश्मानं घरून ऑफिसच्या मशीनला जोडून पाहिलं, ते उत्तरच देईना. सरांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. रविवारी ते फोनलाही विश्रांती देत.

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा कमलताई ऑफिसच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. साखरपुड्याचीच साडी अंगावर होती. शेजारी रेश्मा. किल्ली तिच्याकडेही होती, पण सर आल्याशिवाय कमलताई आत जायला तयार नव्हत्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सर आले, "अरे वा, बाई, सकाळीच?" म्हणाले आणि कुलूप काढून आत गेले. आम्ही मागोमाग. काय झालं ते रेश्मानं त्यांना सांगितलं. त्यांनी एक कळ दाबली आणि पडदा उजळला. कमलताईंचं मशीन समोर आलं, सगळे आकडे हिरवे.

"हे बघा," सर म्हणाले. "तापमान योग्य. कुठंही चढलेलं नाही. आमच्याकडे काही बिघाड नाही. तुमच्याकडे बघा काय झालंय ते."

मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. शनिवारची दुपार होती तिथं.

"सर," मी म्हणालो, "यात रविवार नाहीये. हे शनिवारचं चित्र आहे."

"असणारच," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "शनिवारी निघताना मीच त्याला झोपवलं. आठवडाभर पळतंय बिचारं. आणि बघा, जिथं होतं तिथून उठलं. एक गोष्ट हलली नाही आतली."

रेश्मानं डोळे मिटून घेतले. कमलताई मात्र सरांकडे बघत होत्या.

"म्हंजी तुमी झोपवलं त्याला?"

"व्यवस्थित झोपवलं. बंद नाही केलं."

"आन मग माज्या अंड्यांकडं कोन बगत हुतं?"

सर बोलायला लागले. होस्ट म्हणजे काय, आतलं मशीन म्हणजे काय, स्मृती कशी जपली जाते, असं बरंच. ते बोलत असतानाच बाहेरचा संपर्क पूर्ववत झाला, रविवारच्या अडून राहिलेल्या नोंदी आत आल्या आणि हिरवे आकडे एकेक करून लाल झाले. लगेच कमलताईंच्या हातातला फोन वाजू लागला. त्यांनी तो वाजू दिला. आम्ही चौघं त्या खोलीत उभे राहून ऐकत होतो. थांबला, परत वाजला. शेवटी त्या म्हणाल्या, "चला सायेब. बगून तर घ्या."

शेडमध्ये सर नाकाला रुमाल लावून शिरले. कमलताईंनी ट्रे बाहेर काढून जमिनीवर मांडले होते. पिल्लं निघायचा दिवस जवळ होता. कितीतरी अंड्यांना आतून चोच मारल्याचा तडा होता, आणि तड्याशीच सगळं थांबलेलं. काही अर्धी बाहेर येऊन पडली होती, पिसं अंगाला चिकटलेली. कोपऱ्यातल्या एका पेटीत बल्बखाली जगलेली मूठभर पिल्लं चिवचिवत होती. रेश्मा खाली बसली आणि एकेक अंडं कानाशी धरून बघू लागली. आत काही वाजतंय का, म्हणून.

सरांनाही काहीतरी बोलावं असं वाटलं असणार. ते ट्रेवर वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झोपल्यासारखीच दिसतायत."

"न्हाई, सायेब," कमलताई म्हणाल्या. "झोपल्यालं उटतं."

आवाज चढवला नाही त्यांनी. मला वाटलं, आता तरी या माणसाच्या आत काही हलेल. सर सरळ झाले, रुमालाची घडी घातली आणि रेश्माकडे वळले. "मला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं."

"तिनं सांगितलं होतं, सर," मी म्हणालो. "तुमच्या केबिनमध्ये. मी तिथंच होतो."

"सांगणं वेगळं आणि पटवणं वेगळं," सर म्हणाले. "पटवून देता आलं पाहिजे. हीच तुमच्या पिढीची उणीव आहे."

रेश्मा उठली. पर्समधून ऑफिसची किल्ली काढून तिनं सरांच्या हातावर ठेवली आणि परत आत्याशेजारी जाऊन बसली. कमलताईंनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बाये, घमेलं आन तितलं," त्या म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत पुरून टाकू."

मीही तिथंच थांबलो. सर गाडीशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले, हॉर्न वाजवला, मग गेले. शेडमागे आम्ही खड्डा घेतला. कमलताईंचा पुतण्या कुत्री हाकायला उभा होता. काम संपल्यावर कमलताईंनी हात धुतले, खाट मशीनशेजारी ओढली आणि स्टुलावर चढून घंटी पहिल्या जागी लावली. तारा मी जोडून दिल्या.

भरपाईचा शब्द सरांनी कधी काढला नाही. कमलताईंनी मागितली नाही. "त्या मानसाच्या दारात परत कोन जानार," एवढंच म्हणाल्या. रेश्माला हिंजवडीत दुसरी नोकरी लागली, पण घरच्या कार्यांत तिच्याकडे बघून कुजबुज व्हायची ती बराच काळ टिकली. 'आत्याच्या पोटावर पाय आणला' हे तिला तोंडावर ऐकवणारेही भेटले. अशा वेळी कमलताईच मध्ये पडत. मी हातातलं काम संपवून नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी सरांनी मला यंत्रांच्या विश्रांतीबद्दल सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांची दुपारची झोप आली, म्हणून मी उरलेलं न ऐकताच निघालो.

लोक म्हणतात, माणूस मनानं वाईट नव्हता. हे मला मान्य आहे. सर खोटं बोलले नाहीत, काही लपवलं नाही, उलट पहिल्या दमात अभिमानानं कबूल केलं. पण म्हणूनच मला त्यांची जास्त चीड येते. लबाड माणसाला निदान ठाऊक तरी असतं की आपण काय केलं. त्याला आरशात बघताना थोडा त्रास होत असेल. यांच्या मनाला कसलाच ओरखडा उठला नाही. समोर मेलेली पिल्लं पडली होती आणि या माणसाला त्यात आपल्याला पटवून न देणाऱ्यांची चूक दिसली.

परवा पिरंगुटला बसथांब्यावर भेटले. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. गाडी विकली म्हणे. मला ओळखलं, खांद्यावर हात ठेवला. आता ते एका कॉलेजात मुलांना शिकवायला जातात. विषय विचारला तर म्हणाले, "विश्वासार्ह यंत्रणा." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, तर ते गंभीरच होते.

"त्या कोंबडीवाल्या बाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. हॅचरी वाढवलीय."

"वाढणारच. पाया आपण घालून दिला होता."

माझी बस लांबून येताना दिसत होती. म्हटलं, आता बोलून टाकावं.

"सर, त्या अजून तुमच्याबद्दल विचारतात."

सरांचा चेहरा खुलला. "हो का? काय विचारतात?"

"विचारतात, ते परत हिकडं येनार न्हाईत ना."

सरांनी क्षणभर विचार केला. मग समजूतदारपणे मान हलवली.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "सध्या वेळ नाही. पण सुट्टीत एकदा नक्की चक्कर टाकतो."